पावातला पाव कुठला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडापावच्या गाडीवर तुमची आणि मित्राची पैज लागली. मित्र म्हणतो, लादी तोडून तुकडा देतात, चौथा हिस्सा, म्हणून तो 'पाव'. तुमची आई म्हणते, बेकरीत पीठ पायांनी तुडवायचे म्हणून 'पाव'. तुम्ही कुठेतरी वाचलंय की शब्द पोर्तुगीज आहे. त्यात जपानी शिकणाऱ्या बहिणीने सांगितलं की तिकडे ब्रेडला 'पान' म्हणतात. मग तुमच्या मनात आलं की हा मूळ संस्कृत शब्द असून इथूनच जगभर गेला नसेल ना? आणि जाता जाता विचारलंत, 'देव पावला' यातला पाव यांच्यापैकी कुठला?

निकाल आधी सांगतो, कारण पैजेचा वडापाव थंड होता कामा नये. खायचा पाव पोर्तुगीजच. पण तुमच्या मित्राचा पाव खोटा नाही, आईचा पायही खोटा नाही आणि देव तर पावतोच. घोटाळा एवढाच की हे वेगवेगळ्या घरचे पाहुणे आहेत, आणि मराठीत येईपर्यंत त्यांचे कपडे सारखे झाले.

मी आयुष्यभर कोशाच्या कामात आहे आणि लोक मला सर्वांत जास्त विचारतात ते एक-दोन अक्षरांच्या शब्दांबद्दल. नेमके तेच शब्द सर्वांत फसवे. 'किरिस्ताव' किंवा 'घमेलं' असा लांबलचक शब्द दोन भाषांत सापडला तर योगायोगाला फारशी जागा उरत नाही. पण प, आ, व एवढ्या तीन ध्वनींचा शब्द जगातल्या कितीतरी भाषांत कशासाठी ना कशासाठी असणारच. जुन्या कन्नडात 'पावु' म्हणजे साप. पुढे त्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' बदलून 'ह' झाला, म्हणून आजचा सोलापूर-बेळगावकडचा कानडी माणूस सापाला 'हावु' म्हणतो. आता या सापाचा आपल्या पावाशी संबंध कोणी जोडत नाही, कारण अर्थ जुळत नाही. अर्थ जरासा जरी जुळला असता तरी कोणीतरी गोष्ट रचलीच असती.

म्हणून मी शब्दाच्या चेहऱ्यावर जात नाही. तो कोणत्या वाटेने आला, त्याच वाटेने आणखी कोण आलं आणि वाटेत त्यांचं काय झालं, हे बघतो.

पोर्तुगीजमध्ये भाकरी-ब्रेडला जो शब्द आहे तो ते लोक नाकातून म्हणतात. 'पाँव' आणि 'पौंव' यांच्या मधला काहीतरी उच्चार. लॅटिनमधलं 'पानिस' (द्वितीयेत 'पानेम') हे त्याचं मूळ. फ्रेंचांनी त्याचं 'पँ' केलं, स्पॅनिशांनी 'पान', इटालियनांनी 'पाने'. पोर्तुगीजांनी शेवटचा 'न' गिळला, पण गिळताना तो नाकात अडकला. लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, बेकरीत गेलात तर नाकातूनच बोला. सरळ मराठी 'पाव' म्हणालात तर त्यांना ऐकू येते 'काठी', आणि बोलीत त्या काठीचा आणखी एक अर्थ आहे जो काउंटरपलीकडच्या बाईंना ऐकवण्यासारखा नाही.

आता त्याच शेपटाचे दुसरे शब्द बघा. पोर्तुगीजमध्ये ख्रिस्ती माणसाला 'क्रिश्तांव', त्याचं आपल्याकडे झालं 'किरिस्ताव'. बोली लावून विकण्याला तिकडे 'लैलांव', आपल्याकडे 'लिलाव'. आणि 'पाँव'चा 'पाव'. तिन्हीकडे शेवट एकच, तिन्हीकडे आपण केलेला बदल एकच: नाकातला सूर सोडला आणि स्वच्छ 'आव' ठेवला. एक शब्द योगायोगाने जुळू शकतो. तीन शब्द एकाच रीतीने, एकाच वळणावर वाकलेले दिसले की तो नियम.

हिंदीवाल्यांनी तोच लिलाव घेतला आणि 'नीलाम' केला. नाकातल्या स्वराचा त्यांनी 'म' केला, आपण 'व'. यात नवल नाही. आपल्या भाषांत 'म' आणि नाकातला 'व' यांची जुनी ये-जा आहे. संस्कृत 'ग्राम'चं गुजरातीत 'गाम' राहिलं, हिंदीत 'गाँव' झालं, मराठीत 'गाव'. 'नाम'चं 'नाव'. जुन्या मराठी पुस्तकांत 'गांव', 'नांव' असं टिंब देऊन छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. न उच्चारली जाणारी ती अनुस्वाराची टिंबं १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढली. ते टिंब म्हणजे मेलेल्या 'म'ची आठवण होती.

पावाचं टिंब मात्र गोव्यात अजून जिवंत आहे. पहाटे साडेसहाला एखाद्या वाड्यावर थांबा. सायकलचा रबरी भोंगा ऐकू येतो, पों-पों, मागे बांबूची मोठी पाटी, वर निळं प्लास्टिक. तो 'पोदेर'. पोर्तुगीज 'पादैरु', म्हणजे पाव भाजणारा, यावरून. (याही शब्दाच्या पोटात तोच 'पानिस' आहे, 'न' गळून गेलाय इतकंच.) दारात आलेली आजी म्हणते, "चार पांव दी." कान देऊन ऐका. तिचा 'पांव' नाकातून येतो, आणि घाटावरून आलेला पाहुणा शेजारीच उभा राहून "मला पण चार पाव" म्हणतो तो कोरडा. एका फुटावर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या तोंडी एकाच शब्दाच्या दोन अवस्था. सांजांव हा सणही असाच. २४ जूनला गोव्यात लोक फुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारतात तो. संत जॉनच्या पोर्तुगीज नावातलं 'आंव' कोंकणीने जसंच्या तसं सांभाळलं.

हे सगळं केव्हा घडलं? गोवा पोर्तुगीजांकडे गेला १५१० साली. चौलला त्यांचा किल्ला १५२१ च्या सुमाराचा. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. म्हणजे उत्तर कोकणात दोनशे वर्षं त्यांचा वावर. घमेलं, पिंप, चावी, पगार, बटाटा, काजू, हापूस ही सगळी त्याच काळाची देणगी. तुमच्या पैजेच्या वडापावचंच बघा ना. बटाटा हा शब्द त्यांचा, पाव त्यांचा, आत घालायची मिरचीही अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांवरून आलेली. 'वडा' तेवढा आपला.

पोर्तुगीजांना यीस्ट इथे मिळत नव्हतं. पीठ फुगवायला त्यांनी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली आणि गोव्यातल्या सासष्टीच्या लोकांनी ही कला उचलली. पुढे हेच गोवेकर भट्टीवाले मुंबईत आले, मग इराणी आले. लादी, कडक, ब्रून ही सगळी पुढची वंशावळ. त्यात शिरलो तर उत्तर संपणार नाही.

आता जपान. बहिणीचं म्हणणं खरं आहे. पोर्तुगीज माणसं १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरली आणि तिकडेही तोच शब्द घेऊन गेली. जपानी तोंडात शेवटचा नाकातला स्वर 'न' झाला: 'पान'. आता मघाचे सोबती आठवा. 'क्रिश्तांव'चं जपानीत 'किरिशितान', बटणाला पोर्तुगीज 'बोतांव', त्याचं जपानीत 'बोतान'. आपल्याकडे 'आव', तिकडे 'आन', आणि दोन्हीकडे सगळी भावंडं एकाच साच्यातून निघालेली. श्रीलंकेत सिंहलीत पावाला 'पान' म्हणतात, तिथल्या तमिळमध्ये 'पाण'. बंगालीत 'पाउरुटी'. कोरियात 'प्पांग', पण तो थेट पोर्तुगीजांकडून नव्हे, जपान्यांमार्फत. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पोर्तुगीजांना हाकललं, शब्द मात्र राहिला. १८४२ मध्ये एगावा नावाच्या अधिकाऱ्याने सैन्यासाठी टिकाऊ पाव भाजून घेतला, आणि १८७४ च्या सुमारास तोक्योच्या किमुराया बेकरीने आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरणासारखं सारण भरून 'आनपान' काढला. तो तिथला बटाटेवडा-पावच म्हणायचा. बाहेरचं परकं, आतलं घरचं.

हे सारे पत्ते नकाशावर मांडा: गोवा, वसई, कोलंबो, हुगळी, नागासाकी. पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे थांबली ती बंदरं. शब्द संस्कृत असून इथून पसरला असता तर वाराणसीत, काठमांडूत, काबूलमध्ये आधी सापडला असता. तो आधी सापडतो खारं पाणी लागलेल्या गावांत. हा नकाशा एका गोवेकरानेच फार कष्टाने काढून ठेवलाय. मॉन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, आसगावचे. आशियातल्या पन्नासेक भाषांत पोर्तुगीज शब्द कसे पसरले याचं त्यांचं काम १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि आजही या विषयात कोणी हात घातला की पहिली धाव त्यांच्याकडेच असते.

तर मित्राचं काय चुकलं? त्याचा तर्क वाईट नव्हता. बेकरीतला पोरगा लादी उचलतो, अंगठ्याने मधोमध दाबून फाडतो, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतो. तुकडा म्हणजे हिस्सा, हिस्सा म्हणजे पाव. पण लादीत पाव किती हे बेकरीगणिक बदलतं, कुठे सहा, कुठे आठ, कुठे बारा. चारच असा नियम कुठेही नाही. आणि जपानी माणूस अख्ख्या लोफलाही 'पान'च म्हणतो, त्याच्या भाषेत चतुर्थांशाला 'पाव' नाहीच. एका भाषेतच लागू पडणारी व्युत्पत्ती चार भाषांतला शब्द समजावू शकत नाही.

पण मित्राच्या पावाबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण खरी गंमत तिथे आहे.

चतुर्थांशाचा पाव आला संस्कृत 'पाद' वरून. पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा हिस्सा. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे पाव भाग. ही कल्पना फार जुनी. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात 'पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि' असं आहे, म्हणजे सगळी भूतं मिळून त्या पुरुषाचा एक पाव, उरलेला पाऊण वर स्वर्गात. अनुष्टुभ छंदाचे चरण चार, तेही पादच. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठ अध्यायांचे प्रत्येकी चार पाद पाडले, एकूण ३२. प्राकृतात मधला 'द' झिजला, 'पाअ' झाला, मोकळ्या जागेत 'व' आला, आणि आपण वाण्याकडे जाऊन म्हणू लागलो, "पावशेर साखर द्या".

शेर गेला, किलो आला, पाव राहिला. पाव किलो, पाव इंच, पावणेतीन वाजले.

एकदा हा 'पाद' ओळखता आला की मराठी अपूर्णांकांचं अख्खं कुटुंब उलगडतं. पाऊण म्हणजे 'पाद-ऊन', एक पाद उणा. सव्वा म्हणजे 'स-पाद', पाव-सकट. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासकट. अडीच म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धाच भरलेला. याच चालीवर साडेतीनला एक स्वतंत्र शब्द होता, 'औट', म्हणजे चौथा अर्धा. आज तो एकाच वाक्प्रचारात श्वास घेतोय: औट घटकेचा राजा. घटका २४ मिनिटांची, तेव्हा साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटांचं राज्य. हिशेब इतका नेमका आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करावी लागे. पंधरा औटे किती, असं विचारलं की साडेबावन्न हे उत्तर डोळे मिटून यायचं. चार आण्यांच्या नाण्याला 'पावली' म्हणत, रुपयाचा पाव म्हणून. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे-पै गेले, तरी 'पैन्‌पै वसूल केली' यातली पै त्याच पादाच्या गोतावळ्यातली आहे.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच. तमिळमध्ये पायाला 'काल' म्हणतात. आणि चतुर्थांशालाही 'काल'च. पाऊण म्हणजे 'मुक्काल', तीन पाय. कन्नडातही 'कालु' आणि 'मुक्कालु'. शब्दाचा संस्कृत 'पाद'शी काडीचा संबंध नाही, वेगळं भाषाकुल, वेगळे ध्वनी. पण विचार तोच. गोठ्यातल्या गाईकडे बघून दोन्हीकडच्या माणसांना पाव सुचला. शब्द उसना घेतलेला नसतानाही अर्थ उसना घेता येतो, किंवा दोघांना आपापला सुचतो. इथे यापैकी काय झालं याचा वाद अभ्यासकांनी घालत बसावा. मी फक्त गाईला श्रेय देतो.

आणि म्हणूनच 'दिसायला सारखं' ही कसोटी मला चालत नाही. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेस' (षष्ठीत 'पेदिस'), फारसी 'पा', इंग्रजी 'फूट' हे चारही सख्खे नातलग आहेत. इंग्रजीच्या घराण्यात मूळ 'प'चा सरसकट 'फ' झाला, संस्कृत 'पितर'समोर इंग्रजी 'फादर' दिसतो तसा. पाद आणि फूट शेजारी ठेवले तर कोणी बहीण-भाऊ म्हणणार नाही. उलट पावशेरातला पाव आणि लादीतला पाव जुळे दिसतात, आणि त्यांचं रक्ताचं नातं शून्य.

याच पादाची एक भटकी पोर तुमच्या दिवाणखान्यात असेल. तीन पायांच्या घडवंचीला हिंदीत 'तिपाई', मराठीत 'तिवई'. साहेबाने तिपाई ऐकली, इंग्रजीत 'टीपॉय' केली, आणि चहाचे कप ठेवतात म्हणून 'टी' असणार असं त्याला वाटलं. मग फर्निचरवाल्याकडून तीच बया टीपॉय बनून आपल्या घरी परत आली, आता चार पायांनी. घरात आजीची तिवई अडगळीत आणि टीपॉय सोफ्यापुढे.

आता आईकडे येऊ. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट मी सोलापुरात ऐकली, रत्नागिरीत ऐकली, इंदूरच्या मराठी घरांतही ऐकली. भाषेच्या अंगाने ती पहिल्याच पायरीला घसरते. मराठीत पायाला 'पाय' म्हणतात, फार तर पाऊल. 'पाँव' हिंदीत. मराठी माणसाने पायावरून नाव ठेवलं असतं तर 'पायरोटी' म्हटलं असतं. शिवाय हिंदीत पाय 'पाँव' आणि खायचा 'पाव', बिनटिंबाचा, म्हणजे तिथेही दोन्ही नीट जुळत नाहीत. आणि 'पावरोटी' हा तर सरळ 'भाकरीभाकरी' असा जोडशब्द. परका शब्द आला की त्याला आपला अर्थ शेजारी बांधून ठेवायची आपली जुनी सवय. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट हे असेच जुळवलेले.

पीठ पायांनी तुडवण्याची चाल मात्र निव्वळ कपोलकल्पित नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की ते कणीक पायांनी मळतात आणि चिखल हातांनी. मोठ्या भट्ट्यांत मणभर पीठ मळायचं तर माणूस पाय वापरणारच. पण आईच्या गोष्टीचा जोर पिठात नाही, किळसेत आहे. पाव म्हणजे परधर्मीयाच्या हातचं, आंबवलेलं, सूर घातलेलं, बाटवणारं. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायल्याने अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत घरोघर सांगितली गेली. ज्या वस्तूबद्दल आधीच नाक मुरडलेलं असतं तिच्या नावात माणसाला पाय दिसतोच.

एक आठवण या ओघात सांगायलाच हवी. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, गुप्त. जातिभेद मोडणं हे तिचं काम. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाऊन दाखवावा लागे. नुसतं तोंडाने 'जात मानत नाही' म्हणून चालत नसे, पाव गिळावा लागे. तिच्या मागचे प्रमुख माणूस दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेच. मराठी भाषेची नामं आणि क्रियापदं ज्यांनी आपल्याला लावून दिली त्यांच्याच सभेत पाव हा शब्द नव्हे, शपथ होता. १८६० मध्ये सभासदांची नावं फुटली आणि सभा विस्कटली. तेव्हा आईला सांगा, व्युत्पत्ती चुकली, पण लोकांना पावाबद्दल काय वाटत होतं ते तिने अचूक सांगितलं.

राहिला देव. 'देव पावला' यातला पाव तिसऱ्याच गावचा, 'प्र + आप्' म्हणजे मिळणं, पोचणं. प्राकृतात 'पावइ', मराठीत 'पावणे', हिंदीत तोच 'पाना', गुजरातीत 'पामवुं' (पुन्हा 'व' आणि 'म' यांची तीच ये-जा). मराठीत त्याचे दोन संसार झाले. एक मिळण्याचा: मोक्ष पावला, कीर्ती पावला, लयास पावला. दुसरा पोचण्याचा: जुन्या पत्रांत 'पत्र पावले, मजकूर समजला' असं असे, म्हणजे पोचलं. त्यातूनच आली 'पावती', पैसे पोचल्याची खूण. आणि नवसाला पावणारा गणपती तो, जो नवस बोलणाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. पोचतो म्हणून प्रसन्न होतो. म्हणजे देवळात देणगी दिल्यावर मिळणारी पावती आणि गाभाऱ्यातलं पावणं ही एकाच धातूची दोन रूपं आहेत, काउंटर फक्त वेगळे. गावाकडे 'पावणं' म्हणतात तो पाहुणा मात्र यात मिसळू नका, तो 'प्राघूर्ण' वरून आला. पावसाचं मूळ 'प्रावृष्'. पावनाचं 'पू'. मराठीत 'पाव'पासून सुरू होणारे शब्द एका ओळीत बसवले तर ती एसटीची रांग होते, प्रत्येकाचं तिकीट निराळ्या गावचं.

शब्द मूळचा संस्कृत असेल या तुमच्या शंकेत अगदीच तथ्य नाही असं मात्र म्हणणार नाही. लॅटिन 'पानिस' हा शब्द खाऊ घालणं, पोसणं, राखणं अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूशी बहुतेक अभ्यासक जोडतात. 'पास्टर' म्हणजे मेंढपाळ, तोही त्याच धातूचा. संस्कृतात 'पाति', राखतो, आणि त्यावरून गोप, नृप. तेव्हा फार फार मागे, भाषा फुटायच्या आधी, पाव आणि गोप यांचे पूर्वज एका कळपामागे चालत असतील. पण ते चुलत नातं झालं. संस्कृत शब्द जहाजात बसून लिस्बनला गेला आणि पाव होऊन परतला, असं त्याचा अर्थ होत नाही. आजोबा एक होते म्हणून चुलतभावाच्या सातबारावर आपलं नाव लागत नाही.

याच 'पानिस'चा एक नातू मात्र आपल्याकडे दुसऱ्याच दाराने शिरला. एका पानात, एका भाकरीवर बसणारे ते 'कोम-पानिओ', सहभोजी, त्यांचा जमाव ती 'कंपनी'. वसईकडच्या कोकणात पोर्तुगीजांचा पाव आला आणि मागोमाग मुंबईच्या बंदरावर इंग्रजांची कंपनी आली. पुढे पावाने बाटलेले काही लोक प्रायश्चित्त घेऊन परत घरात आले. कंपनीने घेतलेला मुलूख परत यायला जरा जास्त वेळ लागला.

पैजेचा निवाडा असा करा. वडापाव तुम्हाला मित्राने द्यायचा, कारण शब्द पोर्तुगीज ठरला. पण 'पाव म्हणजे चौथा हिस्सा' हे त्याचं वाक्यही चूक नाही, तेव्हा चौथा घास तुम्ही त्याला द्या. आणि आईला विचारा, लहानपणी तिच्या घरात पाव यायचा का, आणि आला तर कोणत्या दाराने यायचा. पुढचं टिपून ठेवा. मला ते कोशात घालायला हवं असेल.